खेकड्याच्या अंगावरचं बारीक काम

मंडळी, पितळी पत्र्यातून घडवलेलं आपलं 'खेकडा' इंजिनाचं छोटं मॉडेल रुळांवर विनातक्रार धावतंय, असं धरून चालू. खेकडा म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १९२८ पासून बोरघाट-थळघाटातल्या मालगाड्यांसाठी आणलेलं ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१ झालेलं विजेचं इंजिन.

याचं धड तीन तुकड्यांचं. मधली केबिन आणि दोन टोकांची, बोगीबरोबर, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्याबरोबर, वळणारी नाकं. मॉडेलचं वळण खऱ्या घाटापेक्षाही आवळ असतं. म्हणून दांड्या-पायऱ्या लावण्याआधी उघडं इंजिन तुमच्या सर्वांत आवळ वळणावर उभं करा. नाक केबिनच्या जिथे जवळ येतं तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तिच्या अलीकडे अर्धा मिलिमीटर मोकळा सोडा. रंगाचा थरही जागा खातो, हे नेमकं विसरायला होतं.

आता हातदांड्या, म्हणजे चढताना धरायच्या दांड्या. ३० मिलिमीटर जाडीची दांडी १:८७ प्रमाणात जेमतेम ०.३५ मिलिमीटर होते. तेवढी तार घ्या. रिळावरची तार वाकडीच असते. बोटांनी सरळ करायला जाल तर लाटा पडतात. एक टोक व्हाइसमध्ये धरा, दुसरं पकडीने ओढा. ती किंचित 'सुटल्यासारखी' लागली की सरळ झाली.

दांडीसाठी भोक ०.४ मिलिमीटरचं. आधी अणकुचीदार सुईने खळगा पाडा, नाहीतर ड्रिल पितळावर घसरतं आणि मोडतं. पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरून हाताने फिरवायची मूठ) हलक्या हाताने फिरवा, दाबू नका. दांडी आणि पत्रा यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची पुठ्ठ्याची पट्टी सरकवली की सगळीकडे अंतर सारखं राहतं. सोल्डर आतून द्या. बाहेर ओघळ आला की तो खरवडताना शेजारचे रिव्हेट जातात. रिव्हेट पत्रा वाकवण्याआधीच ठोकलेले असायला हवेत. राहिले असतील तर आता ठोकू नका, पत्र्याला पोक येईल. रेझिनच्या उठावदार रिव्हेटचे डेकल (चिकटवायचे छाप) लावा.

एक दांडी जोडताना शेजारची सुटून पडते ती बहुधा सोल्डरिंग आयर्न लहान म्हणून. बारीक टोक पत्र्यावर बराच वेळ टेकवावं लागतं आणि उष्णता पसरते. जाड, चांगलं तापलेलं टोक क्षणभरच लावा आणि आधीच्या जोडावर ओला टिश्यू ठेवा. व्हाइट मेटलचे (कमी उष्णतेत वितळणाऱ्या मिश्रधातूचे) भाग सर्वांत शेवटी, ७० अंशांना वितळणाऱ्या सोल्डरने. हे सोल्डर नुसत्या पितळाला धरत नाही, म्हणून पितळाला आधी साध्या सोल्डरचा हात द्यायचा.

ब्रेकचे ठोकळे मात्र प्लास्टिकचेच करा. पितळी ठोकळा चाकाला लागला की शॉर्ट होतो आणि दोष उगाच मोटरवर जातो.

दिवसाचं काम संपलं की फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) साबणाच्या पाण्याने आणि टूथब्रशने त्याच दिवशी धुवा. आठवड्याने कोपऱ्यात हिरवं दिसलं, तर त्यावर प्रायमर टिकणार नाही.