बंद घराची घरपट्टी

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च आला की पंचायतीत घरपट्टी भरायला रीघ लागते. आज बोलायचंय ते बंद घराच्या घरपट्टीबद्दल.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या कुंपणाला लागून, एक जुनं चौकाचं घर आहे. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलाचे नळे, मध्ये राजांगण आणि तुळस. माझ्या लहानपणी चवथीला तिथं चाळीसेक पानं वाढली जायची. पुढं कोणी मुंबईला गेलं, कोणी लिस्बनला. गणपती वास्कोच्या फ्लॅटमध्ये गेला आणि दाराला कुलूप लागलं. नळे सरकले, वासे कुजले, भिंतीच्या माथ्यावर पिंपळ उगवला. आणि जूनमधल्या एका रात्री रस्त्याकडची भिंत धाडकन खाली आली. सकाळी त्याच वाटेनं पोरं शाळेत जातात. रात्रीची वेळ म्हणून निभावलं.

इथं एक सांगतोच. चिऱ्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, चुन्याचा करा. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं. त्या घराला कोणीतरी सिमेंट फासलं होतं, आणि नेमकी तीच भिंत पडली.

पंचायतीनं नोटीस काढली आणि दारावर चिकटवली. मी जाऊन वाचली. नाव त्या घरच्या आजोबांचं! त्यांना जाऊन पन्नास वर्षं झालेली. घरपट्टीच्या वहीत नाव कोणी बदललंच नव्हतं.

चार दिवसांनी म्हापशाहून आते आली. ती त्या घरची लेक, वय ऐंशीच्या पुढं. पिशवीतून तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत घरपट्टीच्या पावत्या, दोऱ्यानं बांधलेल्या, वर्षाला एक. सासरी राहून ती माहेरच्या रिकाम्या घराची पट्टी भरत होती. मी विचारलं, "आते, तू कशाला भरलीस गो?" म्हणाली, "घराला नंबर आहे रे. नंबर गेला तर पोरांनी यायचं कुठं?"

पावत्या घेऊन आम्ही वकिलाकडं गेलो. त्यांनी सांगितलं, नुसत्या पावतीनं मालकी ठरत नाही. पुन्हा सांगतो, घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे. मग वकील आतेला म्हणाले, "पण आजी, ह्या घरात तुमचाही वाटा आहे." आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून लेकीला लेकाइतकाच वाटा आहे. आतेला ते कोणी कधी सांगितलंच नव्हतं. इतकी वर्षं ती भावांचं घर म्हणून पट्टी भरत होती. ती काही बोलली नाही. डब्याचं झाकण लावलं आणि डबा मांडीवर धरून बसली.

आता थोडं नियमाचं. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात कित्येक वर्षं असा कर होता: राहत्या घराला शंभर डॉलर किमतीमागं ८५ सेंट, रिकाम्या इमारतीला ५ डॉलर, मोडकळीला आलेलीला १०. आपल्याकडंही असं करा, असं ग्रामसभेत कोणी ना कोणी म्हणतो. मला ते पटत नाही. वहीत मेलेल्या माणसाचं नाव असताना एवढी चढी पट्टी भरणार कोण? आधी नावं बदला. वारसांची इन्व्हेंटरी करा, म्हणजे वारस कोण आणि मालमत्ता काय त्याची यादी करून वाटणी; त्यासाठी गोव्याचा २०१२ चा वारसा कायदा आहे. विकायचं झालं तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात, म्हणून माणसं हयात आहेत तोवर कागद करा. आधी नावं, मग पट्टी.

त्या घराची इन्व्हेंटरी आता चालू आहे. अर्जावर चौदा नावं आहेत, पहिलं आतेचं. उरलेल्या भिंतींना माडाच्या खांबांचा टेकू दिलाय, पिंपळ काढलाय. मे महिन्यात नळे परतायचेत. लिस्बनचा पुतण्या सुट्टी घेऊन येतोय, आणि ह्या खेपेला चवथीची माटोळी, गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची ती चौकट, त्याच घरात बांधायची, असं आतेनं सगळ्यांना कळवलंय.

नमस्कार.