गाडीत एकच उत्तर

[दृश्य: सिंहगड रस्ता, सकाळची गर्दी. डॅशबोर्डच्या स्टँडला अडकवलेला फोन.]

पुण्यात आणि पुण्याच्या आसपास निदान चार वडगावं आहेत. सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक, त्याच रस्त्याने पुढे वडगाव खुर्द, नगर रस्त्याकडे वडगाव शेरी आणि जुन्या मुंबई-पुणे हायवेवर वडगाव मावळ. पुणेकराला नुसतं ‘वडगाव’ म्हणा, तो लगेच विचारेल, ‘कुठलं?’

फोनला चालत्या गाडीत हेच सांगितलं, तर तो बऱ्याचदा चारांतलं एक उचलतो आणि रस्ता दाखवायला लागतो. बुद्रुकला जाणारा माणूस शेरीकडे निघाला, तर सगळं शहर आडवं पार करून चुकीच्या ठिकाणी पोचतो.

घरी कॉम्प्युटरवर शोधलं की समोर यादी येते. आपण चार दुवे उघडतो, दोन बंद करतो, पटेल ते घेतो. गाडी चालवताना तेवढी सवड नसते. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. म्हणून यंत्र निवड करून देतं आणि बहुतेक वेळा एकच उत्तर पुढे ठेवतं. शोध गाडीत आला तेव्हा सगळ्यांत मोठा बदल झाला तो हा, आणि त्याची सुरुवात स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहे.

[दृश्य: काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा नकाशा. शेजारच्या सीटवर कॅसेटचे डबे.]

साल 1985, कॅलिफोर्निया. एटॅक नावाची कंपनी गाडीत बसवायचं एक यंत्र बाजारात आणते, एटॅक नॅव्हिगेटर. कंपनी उभी केली स्टॅन हनी या इंजिनिअरने. हा माणूस शिडाच्या बोटींच्या शर्यतींत दिशादर्शनाचं काम करायचा. पैसा लावला नोलन बुशनेल यांनी, म्हणजे व्हिडिओ गेमवाल्या अटारी कंपनीच्या संस्थापकांनी.

या यंत्राला उपग्रहाचा आधार नव्हता. चाकांना सेन्सर लावले होते, ते किती अंतर गेलं हे मोजायचे. दिशेसाठी होकायंत्र होतं. अशा मोजणीत चूक साठत जाते हे कुठल्याही खलाशाला ठाऊक असतं, आणि त्यावरचा एटॅकचा उपाय मला फार आवडतो. गाडी चौकात वळली की यंत्र नकाशात बघायचं: इथे जवळपास असं वळण कुठे आहे? सापडलं की स्वतःची जागा त्या चौकावर आणून बसवायचं. रस्त्यानेच हिशेब दुरुस्त करायचा. आजही बोगद्यात किंवा उंच इमारतींच्या मधे उपग्रह दिसेनासा झाला, की नॅव्हिगेशनच्या यंत्रांना याच युक्तीची मदत होते.

नकाशे होते कॅसेटवर. तापलेल्या, हादरणाऱ्या गाडीत त्या काळी टिकेल असं तेच साधन होतं. मोठ्या शहराला एक कॅसेट पुरायची नाही, वाटेत बदलावी लागायची. बटणं दाबत पत्ता भरायचा, मग पडद्यावर तारा लुकलुकायचा: तिथे जायचंय. कुठून वळायचं हे यंत्र सांगत नसे, ते चालवणाऱ्याने ठरवायचं. गाडीचं चिन्ह पडद्यावर जागच्या जागी राहायचं आणि नकाशा तिच्याभोवती फिरायचा, म्हणजे समोरचा रस्ता कायम वरच्या बाजूला. आज आपल्या फोनवर हेच दिसतं.

[दृश्य: नव्वदच्या दशकातलं कॉल सेंटर. हेडफोन लावलेली माणसं.]

पुढचा टप्पा माणसांचा. 1996 मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सने ऑनस्टार आणलं. गाडीतलं बटण दाबायचं, पलीकडून माणूस बोलायचा. त्याच वर्षी मुंबईत जस्ट डायल सुरू झालं. एक नंबर फिरवायचा आणि विचारायचं: अंधेरीत फ्रीज दुरुस्त करणारा कोण आहे? पलीकडे माणूस असला की तो उलट विचारू शकतो, ‘ईस्ट की वेस्ट?’ मुंबईत हा प्रश्न न विचारता दिलेलं उत्तर निम्म्या वेळा वाया जाईल. शोध बोलून करायचा ही सवय मुंबईकरांना लागली ती अशी, हातात साधा फोन असताना.

गूगलने 2007 मध्ये अमेरिकेत अशीच एक फुकट सेवा काढली, गूग-411. शहर सांगा, दुकान सांगा, नंबर घ्या. इथे उत्तर यंत्र द्यायचं. लोकांच्या आवाजाचे असंख्य नमुने त्यातून गोळा झाले आणि यंत्राला बोलणं ओळखायला शिकवण्यासाठी ते कामी आले. सेवा 2010 मध्ये बंद झाली. तोवर फोनवर बोलून शोधायची सोय आलेली होती.

[दृश्य: पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह.]

मधल्या काळात आकाशातही एक पडदा उठला होता. जीपीएसचे उपग्रह अमेरिकी लष्कराचे. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायची. शंभर मीटर म्हणजे आपल्याकडे चक्क वेगळी गल्ली. 1 मे 2000 रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मिसळलेली चूक काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. एका रात्रीत जगभरचे जीपीएस दहा-वीस मीटरच्या आत आले. गाडीतल्या नकाशाचा धंदा खऱ्या अर्थाने फोफावला तो यानंतर.

[दृश्य: 2007, रंगमंचावर पहिला आयफोन.]

जानेवारी 2007. स्टीव्ह जॉब्स आयफोन दाखवताना नकाशा उघडतात, जवळचं स्टारबक्स शोधतात आणि तिथूनच फोन लावून चार हजार लाटे कॉफी मागवतात, मग चुकीचा नंबर म्हणून ठेवून देतात. सभागृहात हशा पिकला. पण शोध, नकाशा आणि फोन या तीन गोष्टी एका बोटाखाली येताना लोकांनी तिथे पाहिल्या. त्या पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतं. ते पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये आलं.

28 ऑक्टोबर 2009 रोजी गूगलने अँड्रॉइड फोनवर वळणावळणाला बोलून रस्ता सांगणारी सेवा फुकट दिली. गाडीच्या काचेला चिकटवायची वेगळी यंत्रं विकणाऱ्या गार्मिन आणि टॉमटॉम या कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी कोसळले. लोक ज्यासाठी वेगळे पैसे मोजत होते, ते आता खिशातच होतं.

2015 च्या मे महिन्यात गूगलने सांगितलं, की अमेरिका आणि जपानसह दहा देशांत कॉम्प्युटरपेक्षा मोबाइलवरून जास्त शोध होतात. त्याच सुमारास ॲपलचं कारप्ले आणि गूगलचं अँड्रॉइड ऑटो गाड्यांत येऊ लागलं. फोनचा पडदा गाडीच्या पडद्यावर. गाडी कुणाचीही असो, उत्तर फोनवाल्याचं. जर्मन कंपन्यांना यातला धोका चांगलाच कळला. त्याच वर्षी ऑडी, बीएमडब्ल्यू आणि डेमलर या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक एकत्र आल्या आणि नोकियाकडून ‘हिअर’ हा नकाशाचा व्यवसाय सुमारे 2.8 अब्ज युरोंना विकत घेतला. इतक्या जुन्या स्पर्धकांनी हातमिळवणी केली, यावरूनच नकाशाचं मोल कळतं.

[दृश्य: टपरी, पेट्रोल पंप, मारुतीचं मंदिर, रिक्षा स्टँड.]

आता आपल्याकडे या. आपण रस्त्याच्या नावाने रस्ता सांगत नाही. ‘पंप ओलांडला की डावीकडे, मारुतीच्या मंदिरापाशी विचारा.’ 2009 च्या अखेरीस गूगलने भारतातल्या नकाशात दिशा सांगताना अशा खुणा वापरायला सुरुवात केली. त्याआधीपासून, 1995 पासून, राकेश आणि रश्मी वर्मा यांची मॅपमायइंडिया देशाचे डिजिटल नकाशे बनवत होती. आज ते मॅपल्स या नावाने फोनवर मिळतात.

सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. तालुक्याच्या गावातला टेम्पोवाला दिवसभर नकाशा चालू ठेवू लागला. ऑगस्ट 2017 मध्ये गूगलच्या बोलून शोधण्याच्या सोयीत मराठी आली, सोबत बंगाली, गुजराती, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू आणि उर्दू. ज्यांना फोनवर टाइप करणं कधी जमलं नाही, त्यांच्यासाठी हा दिवस मोठा होता. माझ्या मते मराठीसाठीही. चालत्या गाडीत टाइप करायचंच नसतं, बोलायचं असतं, आणि घाईच्या क्षणी माणूस आपल्याच भाषेत बोलतो.

त्याच वर्षी भारतात दुचाकीसाठी वेगळा रस्ता दाखवणं सुरू झालं. 2024 मध्ये चाळीस शहरांत उड्डाणपूल आधी सांगण्याची सोय जाहीर झाली. पुलावर चढायचं की खालून जायचं, हे वेळेत न कळल्यामुळे दोन-तीन किलोमीटर पुढून वळसा घालून येण्याचा अनुभव मुंबई-पुण्यात ज्याला नाही, असा गाडीवाला विरळा.

आणि नावं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. रस्त्यावरच्या पाट्यांवर कुठे जुनं, कुठे नवं. माणूस तोंडात बसलेलं नाव उच्चारणार. शोधाच्या यंत्राला दोन्ही कळली पाहिजेत. शिवाय बुद्रुक आणि खुर्द पाटीवर नुसतेच ‘बु.’ आणि ‘खु.’ असतात, आणि बोलताना बरेच जण तेही गाळतात.

[दृश्य: अकोले तालुक्यातला रस्ता. धरणाचं पसरलेलं पाणी.]

जानेवारी 2021. पुण्याहून कळसूबाईला निघालेली गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, चालकाचा जीव गेला. तेव्हाच्या बातम्यांनुसार ते फोनवरच्या नकाशाच्या आधाराने चालले होते. नकाशात रस्ता होता, पूल होता. पण धरणात पाणी आल्यावर तो पूल बुडालेला होता. आसपासच्या गावांना ते ठाऊक होतं. रात्री तिथे कुणी भेटलं असतं, तर पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडली आणि तिघे गेले. पुलाचा भाग पुरात वाहून गेला होता. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, त्यात सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते होते आणि गूगल मॅप्सचा एक अधिकारीही.

दोष कुणाचा किती, हे न्यायालय ठरवेल. यंत्राला काय कळतं आणि काय नाही, हे मात्र प्रत्येक चालकाने समजून घेतलं पाहिजे. रस्त्यावरची गर्दी त्याला कळते ती आपल्याच फोनमधून. किती फोन किती वेगाने सरकताहेत, यावरून लाल आणि हिरव्या रेघा ठरतात. 2020 मध्ये बर्लिनमध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने लहानशा हातगाडीत 99 फोन भरले आणि ती गाडी ओढत तो रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू चालत गेला. नकाशाने तिथे वाहतूक कोंडी दाखवली. यंत्र रस्ता पाहत नसतं, फोन मोजत असतं. आता उलट बाजू बघा. ज्या रस्त्यावर रात्री एकही फोन जात नाही, त्याच्याबद्दल यंत्राला ताजं काहीच कळत नाही. तिथे रहदारी नाही असं त्याला वाटू शकतं. ती नसण्याचं कारण पाणी आहे, हे कुणीतरी सांगावं लागतं.

[दृश्य: एक्सप्रेस वे. वेगमर्यादेची पाटी.]

ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. फोनकडे दोन सेकंद बघितलं, तर 33 मीटर डोळे मिटून गाडी चालवल्यासारखं आहे. ऑक्टोबर 2020 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे, की चालकाने हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरावं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. तेव्हा पत्ता निघण्याआधी भरा. घाटात रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. शेजारी कोणी बसलं असेल तर फोन त्यांच्याकडे द्या.

[दृश्य: नव्या गाडीचा मोठा पडदा. कुणीतरी गाडीशी बोलतंय.]

2023 मध्ये मर्सिडीजने अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांत चॅटजीपीटीची चाचणी घेतली. अशा यंत्राशी सलग बोलता येतं, आणि ते उलट विचारू शकतं. 1996 च्या ऑपरेटरकडे जी ताकद होती, ती परत येते आहे. वडगाव म्हटल्यावर ‘बुद्रुक की शेरी?’ एवढं विचारलं, तरी रोजची कितीतरी हेलपाट्यांची दगदग वाचेल.

पण पूल पाण्याखाली आहे, हे त्याला कुठून कळणार? रस्ता बंद असल्याची नोंद गूगलच्या नकाशात कुणालाही करता येते, फोनवरून, मिनिटभरात. ज्या गावाच्या वाटेवर दरवर्षी पाणी चढतं, तिथल्या एका तरी तरुणाने ती करावी. आणि पाणी अडवणाऱ्या, सोडणाऱ्या किंवा रस्ता खणणाऱ्या खात्याने वाटेवर पाटी लावतानाच ती केली पाहिजे, त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत.