मक्याच्या दाण्यावरचे ठिपके

पडद्यावरच्या या कणसात सलग एका रंगाचा दाणा शोधूनच काढावा लागेल. एका दाण्यावर जांभळा ठसठशीत डाग आहे, दुसऱ्यावर सुईच्या टोकाएवढे ठिपके विखुरले आहेत, तर तिसऱ्याची अर्धी बाजू जांभळी आणि अर्धी कोरी आहे. अमेरिकेत लाँग आयलंडवरील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे जनुकशास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात असे दाणे पिढ्यान्‌पिढ्या पेरले, कणसांना पिशव्या बांधून स्वतःच्या हाताने परागीकरण केले आणि नववे गुणसूत्र ज्या ठिकाणी तुटते ती जागाच सरकते आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली व दाण्यांवर पडताळून पाहिले.

हा दाणा आणखी जवळून पाहू. ती सरकणारी जागा म्हणजे ‘डीएस’ नावाचा डीएनएचा तुकडा. तो रंगाच्या जनुकात घुसला की ते जनुक बंद पडते आणि दाणा कोरा राहतो. डीएसला स्वतःहून हलता येत नाही. त्याला कापून बाहेर काढणारे विकर ‘एसी’ हा दुसरा तुकडा पुरवतो. दाणा भरत असताना एखाद्या पेशीतून डीएस निघाला, तर तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी पुन्हा रंग धरतात. तो लवकर निघाला तर डाग मोठा पडतो, उशिरा निघाला तर ठिपका बारीक राहतो, आणि दाण्यात एसीच्या प्रती जितक्या जास्त तितका डीएस उशिरा हलतो. डीएनएचा क्रम वाचता येण्याच्या कित्येक वर्षे आधी हे सगळे निव्वळ ठिपके पाहून उलगडले होते, हे मुद्दाम सांगायला हवे. मॅक्लिंटॉक यांना नोबेल पारितोषिक मात्र १९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी मिळाले.

मक्याचा संपूर्ण जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्याचा सुमारे ८५ टक्के भाग अशा फिरत्या तुकड्यांचा असल्याचे दिसले. त्यांत एसी-डीएससारखे कापून दुसरीकडे बसणारे तुकडे थोडेच आहेत. बहुतांश तुकडे रेट्रोट्रान्सपोझॉन आहेत. ते मूळ जागा सोडत नाहीत, तर स्वतःची आरएनए प्रत काढून, तिच्यापासून पुन्हा डीएनए घडवून तो नव्या ठिकाणी बसवतात, आणि त्यामुळे प्रत्येक फेरीत त्यांची संख्या वाढते.

असा तुकडा दाण्यावर ठिपके उमटवत नाही. पण द्राक्षाच्या या घडात तो डोळ्यांना दिसतो. ‘इटालिया’ हा पांढऱ्या द्राक्षाचा वाण आहे, कारण त्याच्या रंग नियंत्रित करणाऱ्या जनुकाच्या तोंडाशी ‘ग्रेट-१’ हा रेट्रोट्रान्सपोझॉन बसलेला आहे. याच वाणापासून ‘रुबी ओकुयामा’ हा लाल वाण निघाला. ग्रेट-१ ची दोन्ही टोके सारखीच असल्यामुळे ती परस्परांशी जुळली, मधला भाग गळून गेला, एक टोक तेवढे मागे उरले आणि रंग परतला.

‘हेलिट्रॉन’ या तिसऱ्या प्रकाराचा पत्ता २००१ मध्ये संगणकावर डीएनएचे क्रम तपासताना लागला. शेतात तो कोणाला सापडला नसता, हेही मान्य करावे लागते. मक्यातले हेलिट्रॉन इतर जनुकांचे तुकडे सोबत ओढून नेतात.

माणसाच्या जनुकसंचाचा जवळपास निम्मा भाग याच कुळातला आहे. एकट्या ‘अलू’ या आखूड तुकड्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती त्यात आहेत, आणि ‘लाइन-१’च्या सुमारे पाच लाख प्रतींपैकी शंभरएक प्रती अजूनही हलू शकतात. अशी एक प्रत रक्त गोठवणाऱ्या घटकाच्या जनुकात शिरल्याने हिमोफिलिया झाल्याचे १९८८ मध्ये नोंदले गेले. कापून बसणारे तुकडे मात्र माणसात केव्हाच निकामी झाले आहेत, तर उत्तर अमेरिकेतल्या या लहान तपकिरी वटवाघळाच्या जनुकसंचात, उत्क्रांतीच्या हिशेबाने अगदी अलीकडे, त्यांच्या नव्या लाटा येऊन गेल्या आहेत.