विमान कोणाचं आणि कर्ज कोणाचं: सरकारी वाहतूक कंपन्यांकडून निकालाची वसुली

आज मी एका केसपासून सुरुवात करतो, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं त्या एका केसमध्ये आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतवर हल्ला केला आणि विमानतळ ताब्यात आल्यावर कुवेत एअरवेजची १० विमानं तिथून उचलून इराकमध्ये नेली. सप्टेंबरमध्ये बगदादने ठराव क्रमांक ३६९ काढला, की कुवेत एअरवेज बरखास्त आणि तिची सगळी मालमत्ता आता इराकी एअरवेजची. इराकी एअरवेज ही सरकारी कंपनी, तिने ती विमानं आपली म्हणून ताफ्यात धरली. पुढे युद्ध पेटलं, ४ विमानं मोसुलला बॉम्बहल्ल्यात गेली, ६ इराणला हलवली ती १९९२ मध्ये परत मिळाली, तीही इराणला सांभाळण्याचे पैसे मोजून. कुवेत एअरवेजने जानेवारी १९९१ मध्येच लंडनच्या कोर्टात दावा लावला होता. आता तुम्हीच अंदाज करा पैसे कधी मिळाले असतील. तडजोड झाली २०१२ मध्ये. एकवीस वर्षं.

आणि ही एक राष्ट्रीय विमान कंपनी होती हं, मागे सरकार उभं, उत्तम वकील, खर्चाची चिंता नाही. तिलाही एकवीस वर्षं लागली. मग एखाद्या छोट्या माल पाठवणाऱ्याचं काय होत असेल, ज्याचा माल सरकारी जहाजावर खराब झाला, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून मी हा विषय घेतो. कायद्याच्या शिक्षणात आपण निकाल कसा मिळवायचा हे वर्षानुवर्षं शिकतो आणि वसुली, म्हणजे दरखास्त (निकाल अमलात आणण्यासाठीचा अर्ज), जप्ती, हे शेवटच्या आठवड्यात घाईघाईने उरकतो. माझ्या मते हे उलटं पाहिजे. समोर सरकारी कंपनी असेल तर दावा लावायच्या आधी, खरं म्हणजे करार करायच्या आधी, वसुलीचा विचार पाहिजे.

सरकारी वाहतूक कंपनीकडे दोन ढाली असतात. पहिली ढाल, "आम्ही म्हणजे सरकार, आमच्यावर दुसऱ्या देशाच्या कोर्टात दावा चालत नाही", यालाच आपण सॉव्हरिन इम्युनिटी म्हणतो. दुसरी ढाल बरोबर उलटी, "आम्ही म्हणजे सरकार नाही, आम्ही वेगळी कंपनी, सरकारचं कर्ज आमच्याकडून वसूल करू नका". दोन्ही गोष्टी आपापल्या जागी कायदेशीर आहेत, पण एकच कंपनी सोयीप्रमाणे कधी ही ढाल पुढे करते कधी ती, आणि जिंकलेला माणूस दोन्हींच्या मध्ये अडकतो.

पहिल्या ढालीची गोष्ट जहाजांवर घडलीय. १८८० चं पार्लमाँ बेल्ज प्रकरण बघा, बेल्जियमच्या राजाचं टपालाचं जहाज, त्यावर पैसे घेऊन प्रवासी आणि मालही नेत होते, डोव्हरजवळ त्याची एका टगला, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीला, धडक बसली, आणि इंग्लंडच्या अपील कोर्टाने सांगितलं की राजाच्या जहाजाला हात लावता येणार नाही. अमेरिकेत १९२६ मध्ये पेझारो नावाच्या जहाजाचं तसंच झालं. इटली सरकारचं जहाज, सरळ सरळ भाडं घेऊन व्यापारी माल वाहणारं, कृत्रिम रेशमाची खेप खराब पोचली म्हणून दावा, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की सरकारचं जहाज आहे, सोडा. गंमत नाही, वाईट वाटतं वाचताना, कारण शेजारच्या धक्क्यावर खासगी जहाज असतं तर तोच दावा सहज चालला असता. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये १० एप्रिलला एक करार झाला ज्यात म्हटलं की सरकारी जहाज व्यापार करत असेल तर त्याला खासगी जहाजाचेच नियम लागतील. म्हणजे एका बाजूला कोर्ट जुनंच धरून बसलेलं आणि दुसऱ्या बाजूला देश मिळून नवीन लिहितायत, असं ते वर्ष.

इंग्लंडमध्ये हा विचार पक्का व्हायला १९८१ उजाडलं. ती केस पण सांगतोच. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीत लष्करी उठाव झाला तेव्हा क्युबा चालवत असलेली दोन जहाजं चिलीच्या खरेदीदाराची साखर घेऊन निघालेली होती. एक, प्लाया लार्गा, वालपरायसोला माल उतरवत होतं, ते अर्धवट माल घेऊन निघून गेलं. दुसरं, मार्बल आयलंड्स, वाटेत होतं, त्याची साखर शेवटी व्हिएतनामला पोचली. साखरेच्या मालकांनी पकडलं तिसरंच जहाज, ई काँग्रेसो डेल पार्टिडो, क्युबाचंच, इंग्लंडमध्ये नुकतं बांधून झालेलं. क्युबाचं म्हणणं, हा सरकारचा राजकीय निर्णय होता. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की निर्णयामागचा हेतू राजकीय असेल, पण केलेलं कृत्य जहाजमालकाने कराराप्रमाणे माल न पोचवण्याचंच आहे, आणि ते कोणताही खासगी मालक करू शकतो. माझ्या दृष्टीने या सगळ्या कायद्याचं मर्म इथे आहे. सरकारने का केलं ते बघू नका, जे केलं ते व्यापाऱ्याचं कृत्य होतं का ते बघा.

इराकी एअरवेजला हाच न्याय लागला. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फरक केला, विमानं कुवेतमधून नेणं हे सरकारचं कृत्य, तिथे इम्युनिटी, पण ठराव ३६९ नंतर ती आपली समजून ठेवणं आणि वापरणं हे विमान कंपनीचं कृत्य, तिथे नाही. मग २००२ मध्ये त्यांनी तो ठरावच मानायला नकार दिला, कारण दुसरा देश गिळून त्याची मालमत्ता वाटून घेणाऱ्या कायद्याला इंग्लंडचं कोर्ट मान्यता देणार नाही.

आता बारा वर्षं झाली आणि अजून एक पैसा नाही, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या ढालीकडे येऊ. समजा तुमचा निकाल सरकारविरुद्ध आहे आणि समोर दिसतंय ते सरकारी कंपनीचं विमान. पकडता येईल का? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८३ च्या बॅन्सेक (क्युबाची एक सरकारी बँक) निकालात सांगितलं की सरकारी कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे असंच गृहीत धरायचं. अपवाद दोन, एक म्हणजे सरकार तिला इतकं चालवतं की ती नुसती हस्तक आहे, किंवा दुसरं, तिचं वेगळेपण मान्य केलं तर फसवणूक किंवा अन्याय होईल. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने २०१२ मध्ये काँगोच्या सरकारी खाण कंपनीच्या केसमध्ये पट्टी आणखी वर नेली, नुसतं सरकारी नियंत्रण असून भागत नाही, कंपनीचं वेगळं अस्तित्व जवळपास नावापुरतं असेल तरच. मला हे तत्त्व मुळात बरोबर वाटतं, कारण कंपनीचे स्वतःचे धनको असतात, म्हणजे ज्यांचं ती देणं लागते ते, तिच्या कर्मचाऱ्यांचे पगार असतात, आणि सरकारच्या भलत्याच भांडणात तिचं विमान गेलं तर मार त्यांना बसतो. पण मग उलट बाजूही तितकीच घट्ट धरायला हवी. कंपनी वेगळी आहे ना, मग तिच्या स्वतःच्या कर्जासाठी तिला सरकारचं कवच देऊ नका.

केर्न एनर्जी या ब्रिटिश तेल कंपनीने २०२१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये तो हस्तकाचा अपवादच मांडला होता, की पूर्वलक्षी कराच्या वादात भारत सरकारविरुद्ध मिळालेल्या १२० कोटी डॉलरच्या अवॉर्डसाठी, म्हणजे लवादाच्या निकालासाठी, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाला भारत सरकारच समजा. त्यावर निकाल लागायच्या आधीच ऑगस्टमध्ये पूर्वलक्षी कराचा कायदा मागे घेतला गेला आणि वाद मिटला. २०१९ मध्ये जोहान्सबर्गला एअर टांझानियाचं एअरबस विमान अडकवलं, कारण काय, तर कित्येक वर्षांपूर्वी टांझानियाने एका शेतकऱ्याची जमीन सरकारजमा केली होती आणि भरपाई पूर्ण दिली नव्हती. काही दिवसांनी तिथल्या कोर्टाने विमान सोडलं. प्रवाशांचे हाल झाले हे खरं, पण त्या शेतकऱ्याकडे दुसरा मार्ग कोणता होता हेही विचारलं पाहिजे.

आणि पकडायचं म्हणजे नेमकं काय पकडायचं? लोकांना वाटतं विमान, जहाज, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण एप्रिल २०१० मध्ये काय झालं बघा. वीस वर्षांनी इराकी एअरवेजचं पहिलं विमान लंडनला, गॅटविकला उतरलं, कुवेतचे वकील तयारच होते, विमान अडवलं, कंपनीच्या प्रमुखाचा पासपोर्ट घेतला, आणि कळलं की विमान दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेलं आहे. आजकाल कित्येक विमानं अशीच लीजवर असतात, शेपटीवर रंग एकाचा, मालकी दुसऱ्याची, नोंदणी तिसऱ्याच देशात. जहाजांचंही तेच, प्रत्येक जहाजाची वेगळी कंपनी. १९५२ च्या जहाज-अटक कराराने एकाच मालकाचं दुसरं जहाज पकडायची सोय केली, पण मालक कागदावर वेगळा दाखवला की ती सोय संपते. शिवाय जुना १९३३ चा रोम करार आहे, जे देश त्यात आहेत तिथे नियमित सार्वजनिक मार्गावर चालू असलेलं विमान आणि त्यासाठी लागणारं राखीव विमान निकालाआधी अडवताच येत नाही.

म्हणून अनुभवी माणसं पैशाचा प्रवाह शोधतात. तिकिटाचे पैसे सरळ कंपनीकडे जात नाहीत, एजंटांकडून ते क्लिअरिंगमधून, म्हणजे हिशोब जुळवणाऱ्या यंत्रणेतून, फिरतात आणि ते काम मोठ्या प्रमाणावर आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना बघते, जिचं मुख्यालय माँट्रियलला आहे. २०२१ मध्ये देवास प्रकरणात, म्हणजे उपग्रहाचा करार रद्द झाल्यावरून भारत सरकारविरुद्ध मिळालेल्या अवॉर्डच्या वसुलीत, कॅनडातल्या क्यूबेकच्या कोर्टातून आयाटाकडचे एअर इंडियाचे पैसे गोठवले गेले, त्या आदेशावर पुढे भरपूर वाद झाले तो भाग वेगळा, पण वसुली करणाऱ्याने कुठे बघायचं हे तिथे दिसलं. भाडं देणारा ग्राहक, इंधन कंपनीकडे ठेवलेलं डिपॉझिट, विम्याची येणी, अशा जागा.

आता एक गोष्ट जी मला फार टोचते. २०१९ चा हेगचा निकालांचा करार आहे, एका देशाचा निकाल दुसऱ्या देशात चालावा म्हणून, युरोपियन युनियन आणि युक्रेनसाठी तो १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. तो सरकारी कंपन्यांना वगळत नाही, चांगली गोष्ट. पण कलम २ वाचा, प्रवासी आणि मालाची वाहतूक हा विषयच त्यातून बाहेर ठेवलाय. म्हणजे विमान कंपनीने तुमचं ऑफिसचं भाडं थकवलं तर करार मदतीला येईल, तुमचा माल बुडवला तर नाही. कारण असं दिलं जातं की वाहतुकीचे वेगळे करार आहेतच, पण त्या वेगळ्या करारांमध्ये निकालाच्या अंमलबजावणीची सोय सगळीकडे नाही. त्यामुळे सरकारी शिपिंग कंपनीबरोबर मोठा करार करणाऱ्याला मी नेहमी म्हणतो, लवादाचं कलम घ्या, कारण लवादाचा अवॉर्ड १९५८ च्या न्यूयॉर्क करारावर चालतो, त्यात १७० हून जास्त देश आहेत आणि त्यात वाहतूक वगळलेली नाही.

घरच्याच कोर्टात जिंकलात तरी सुटका नाही. फ्रान्समध्ये सार्वजनिक संस्थेची मालमत्ता जप्तच करता येत नाही असा जुना नियम आहे, आणि फ्रेंच रेल्वे १ जानेवारी २०२० पर्यंत अशीच सार्वजनिक संस्था होती, नंतर तिची शेअर भांडवल असलेली कंपनी केली. २०१४ मध्ये फ्रेंच टपाल खात्याच्या केसमध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने यातली दुसरी बाजू दाखवली, की अशा संस्थेची दिवाळखोरी होत नाही म्हणजे मागे सरकारची न लिहिलेली हमी असते आणि तिला कर्ज स्वस्त मिळतं, आणि ही सरकारी मदतच झाली. आणि युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने १९९७ च्या हॉर्न्सबी निकालात सांगितलं की अंमलबजावणी हा खटल्याचाच भाग आहे, निकाल कागदावर राहिला तर न्याय मिळालाच नाही. त्याच कोर्टाने युक्रेन, रशिया अशा देशांच्या केसेसमध्ये बजावलं की सरकारी कंपनीला सरकारपासून पुरेसं स्वातंत्र्य नसेल तर तिचं न फेडलेलं कर्ज सरकारने फेडावं. हा विचार मला सगळ्यात न्याय्य वाटतो. सरकार रोजचे निर्णय घेणार, भाडं ठरवणार, माणसं नेमणार आणि देणं आलं की "ती वेगळी कंपनी" म्हणणार, हे चालता कामा नये.

इराकच्या केसमध्ये शेवटी तेच झालं. इराकी एअरवेजने कोर्टात खोटे पुरावे दिले होते हे उघड झालं, आणि तिचा बचाव इराक सरकारच चालवत होतं म्हणून २००८ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने खर्चाची मोठी रक्कम थेट इराकवर लावली. तो आदेश घेऊन कुवेत एअरवेज क्यूबेकला गेली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने इम्युनिटी नाकारली. दरम्यान गॅटविकच्या प्रकारानंतर इराकने इराकी एअरवेज बरखास्त करायची घोषणाही केली होती. म्हणजे देणं लागणारी कंपनीच नाहीशी करायची! पण नवीन विमानं घ्यायची, परदेशी उड्डाणं सुरू करायची, तर प्रत्येक विमानतळावर जप्तीची भीती, हे त्यांना परवडेना. दावा १२० कोटी डॉलरच्या आसपास होता, तडजोड झाली ५० कोटींवर, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत इराकी एअरवेजचं विमान कुवेतला उतरलं.

करार करणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. "आम्ही इम्युनिटी सोडतो" एवढं कलम पुरत नाही. दावा चालवायला संमती वेगळी आणि जप्तीला संमती वेगळी, २००४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही कलम २० मध्ये हे स्वच्छ लिहिलंय, आणि इंग्लंडच्या १९७८ च्या कायद्यातही नुसती दावा चालवायची संमती ही जप्तीची लेखी संमती धरली जात नाही. दोन्ही लिहून घ्या, कोणत्या मालमत्तेवर तेही लिहून घ्या.

ज्याच्याकडे करारच नाही, नुसतं तिकीट किंवा एअर वे बिल (विमानाने पाठवलेल्या मालाची पावती) आहे, त्याच्यासाठी दोन मार्ग दिसतात. एक, स्थानिक ग्राहक कायदा. भारताच्या सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०११ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सच्या केसमध्ये हेच सांगितलं, मुंबईहून दार-एस-सलामला १९९२ मध्ये पाठवलेला रसायनांचा माल, आणि सरकारी विमान कंपनीला इम्युनिटी नाही, ग्राहक मंचात उत्तर द्या. एकोणीस वर्षं लागली ती फक्त दावा चालू शकतो हे ठरायला. दुसरा मार्ग विमा. १९९९ च्या माँट्रियल करारात कलम ५० आहे, प्रत्येक देशाने आपल्या विमान कंपनीला पुरेसा विमा घ्यायला लावायचा, आणि ज्या देशात ती उडते तो देश त्याचा पुरावा मागू शकतो. म्हणून पहिली नोटीस काढतानाच पॉलिसीचा तपशील मागा, विमा कंपनी कोण ते विचारा. खासगी विमा कंपनीला ना सॉव्हरिन इम्युनिटी असते ना सरकारी मालमत्तेचं कवच.