केशरी दिवस आणि आमच्या चार कोंबड्या

(दृश्य: केशरी आकाश, रस्त्यावरचे दिवे चालू)

हे फिल्टर वगैरे काही लावलेलं नाहीये, फोनवर जसं दिसलं तसंच आहे. 9 सप्टेंबर 2020, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, सकाळचे साडेनऊ. उत्तरेकडच्या वणव्यांचा धूर एवढा वर चढला होता की खाली सूर्यप्रकाशातला फक्त केशरी रंगच पोचत होता.

(दृश्य: खुराडं, आत काळोख)

आणि ह्या आमच्या चौघी. खुराड्याचं दार उघडं आहे तरी एकही बाहेर यायला तयार नाही. कोंबडीचं घड्याळ उजेडावर चालतं, उजेड नाही म्हणजे रात्र, विषय संपला.

आता गंमत बघा, त्या दिवशी जमिनीलगतची हवा त्या मानाने बरी होती. समुद्रावरून आलेला गार धुक्याचा थर खाली पसरलेला आणि धूर त्याच्यावर अडकलेला, त्यामुळे फोटो जगभर फिरले पण खरा त्रास सुरू झाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, धूर खाली उतरला तेव्हा. एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, 150 च्या वर आणि आकाश नुसतं मळकट राखाडी. त्याचं शूटिंग फारसं नाहीये, राखाडी आकाशाचं कोण करतं!

(दृश्य: कोंबडीची चोच, अगदी जवळून)

हा शॉट मात्र आहे, नीट बघा. चोच उघडी, मान पुढे, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतंय. उन्हाळ्यात कोंबडी अशीच धापते म्हणून मी दुर्लक्ष केलं असतं, पण त्या सकाळी मी स्वेटर घातला होता. आई लॉकडाऊनमुळे इथेच अडकलेली, संगमेश्वरकडची, घरी आयुष्यभर गावरान कोंबड्या. ती म्हणाली, "अरे, गार हवेत चोच उघडी म्हणजे उकाडा नव्हे, हिला धूर लागलाय. आत घे आधी."

याचं कारण कोंबडीच्या छातीत आहे. आपली फुप्फुसं फुगतात आणि मिटतात, तिची जवळपास तशीच राहतात, हवा खेळवायचं काम नऊ हवेच्या पिशव्या करतात, आणि श्वास घेताना काय, सोडताना काय, फुप्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने वाहत राहते. उडायला ही व्यवस्था एक नंबर, पण ऑक्सिजन जसा भराभर शोषला जातो तसाच धूरही. ब्रिटनच्या कोळसा खाणींत 1986 पर्यंत कॅनरी पक्षी ठेवायचे ते उगाच नाही. आणि धुरातला त्रासदायक कण 2.5 मायक्रॉनचा किंवा त्याहून बारीक, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढा. आम्ही सगळे एन-95 लावून फिरत होतो, कोंबडीला कुठे लावणार?

(दृश्य: गॅरेज, पंखा, चिकटपट्टी)

हा भाग जरा लांबलाय, पण मला हाच दाखवायचाय. 20 इंची चौकोनी पंखा आणि त्याच मापाचा मर्व्ह 13 फिल्टर, म्हणजे धुराचे बारीक कण अडवणाऱ्या दर्जाचा. फिल्टरच्या कडेला एक बाण छापलेला असतो, हवा कुठून कुठे जाणार तो. बाण पंख्याकडे ठेवून फिल्टर मागच्या बाजूला, जिथून हवा खेचली जाते तिथे, चारही कडा चिकटपट्टीने बंद. मी पहिल्यांदा पुढून लावला होता, आई हसतेय ते त्याचंच. गॅरेजमध्ये गाडी अजिबात चालू करायची नाही. खाली लाकडाचा भुसा, पण धूळ उडणारा बारीक नको, आणि वरून पाण्याचा हलकासा फवारा, नुसती धूळ बसण्यापुरता. जास्त ओलं झालं की विष्ठेतून अमोनिया सुटतो, मग धुरातून काढून अमोनियात नेऊन बसवल्यासारखं. म्हणूनच खुराड्याला प्लास्टिक गुंडाळून बंद करू नका, लोक करतात आणि कोंबड्या आत गुदमरतात.

पाणी मात्र भरपूर, दिवसातून दोनतीनदा बदललेलं, कारण भांड्यात राख पडते. दाणे झाकून. परसातला पालक धुऊन.

धावपळ होईल असं काही नाही, त्यांना पकडायचं तेही अंधारात, झोपेत असताना.

(दृश्य: रिकामी अंडी-पेटी)

अंडी बंद झाली. चौघींतली म्हातारी तांबडी चौथ्या रात्री गेली.

(दृश्य: गॅरेजचं दार उघडतंय, ऊन)

ऑगस्टमध्ये विजा पडून वणवे पेटले, त्यानंतर बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या भागात, खराब हवेचा इशारा सलग 30 दिवस चालू होता, तो 16 सप्टेंबरला संपला. धुरानंतर जनावरांना पूर्ण सावरायला चार ते सहा आठवडे द्या असं पशुवैद्य सांगतात, म्हणून आम्ही वाफ्यांवरची राख आधी ओली करून उचलायची आणि मगच यांना सोडायचं ठरवलं होतं. तर ह्या तिघी पहिल्याच मिनिटाला कुठे गेल्या बघा, राहिलेल्या त्या एका कोपऱ्यात, राखेत, पंख पसरून लोळायला. मागून "अगं बयांनो, निघा तिथून" ऐकू येतंय ती आई.