गादा मोजायचा कसा?

सकाळचे सात वाजलेत. मालवणजवळच्या देवबागवरून होडी निघालीये, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी जरा गढूळच आहे, आणि तांडेलकाका मधेच इंजिन बंद करून म्हणतात, "थांबा जरा, आता वर येतलो."

आणि येतोच! आधी लांब चोच, मग बैलाच्या वशिंडासारखा पाठीचा उंचवटा, त्यावर छोटासा पर, फूस्स करून एक श्वास, की गायब.

हा हम्पबॅक डॉल्फिन. इथले मच्छीमार याला गादा म्हणतात. टुरिस्ट होडीतली लोकं किनाऱ्यावर येऊन सांगतात, पन्नास बघितले, पण बऱ्याचदा तेच सात-आठ जण फिरून फिरून वर आलेले असतात.

म्हणून डोकी मोजायची नाहीत, पर बघायचा. फोटो झूम केला की त्याची मागची कड दिसते, जुन्या वहीचं पान फाटावं तशी, कुठे खाच, कुठे तुकडाच उडालेला, कुठे दुसऱ्या गाद्याच्या दातांचे ओरखडे. हेच त्याचं आधार कार्ड. अर्थात शेकडो फोटो काढावे तेव्हा मोजके कामाचे निघतात, बाकी नुसतं पाणी.

आता गणित. समजा एका फेरीत ४० गादे ओळखले. काही दिवसांनी परत गेलो, ५० दिसले, त्यातले २० जुने. म्हणजे पाचात दोन ओळखीचे, तर मग आपले पहिले ४० हे पण एकूण गाद्यांच्या पाचात दोनच धरायचे, म्हणजे सगळे मिळून साधारण १००. सोप्पं!

पण लोचा असा की फोटो धूसर असेल तर जुना गादा नवीन म्हणून धरला जातो. २० च्या जागी १० च ओळखले तर उत्तर थेट २००, समुद्रात एकही गादा न वाढता. शिवाय पिल्लांचा पर कोरा करकरीत, त्यांचा हिशोब वेगळा लावावा लागतो, आणि मधल्या काळात चार जण खाली गोव्याकडे सटकले तर तेही गणितात घोळ घालतात.

एवढा खटाटोप का, तर गादा राहतो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि जाळी पण तिथेच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, पण ते जेमतेम २९ चौरस किलोमीटर, गाद्याला त्याची हद्द थोडीच माहीत. आययूसीएन, म्हणजे धोक्यातल्या जातींची जागतिक यादी ठेवणारी संस्था, तिच्या यादीत ही जात संकटग्रस्त आहे.

मग वर्षाला माणसामुळे किती मेले तर चालतील? प्रश्न ऐकायला वाईट वाटतो, पण अमेरिकेत १९९४ पासून कायद्यानेच तो आकडा काढतात, आणि मला आवडतं ते हे की तिथे अंदाजाची खालची बाजू धरतात, वरची नाही. डॉल्फिन वर्षाला फार तर ४ टक्के वाढतात असं मानायचं, त्याचे निम्मे घ्यायचे, आणि जात संकटग्रस्त असेल तर त्याचाही दहावा भाग.

हाच हिशोब आपल्या त्या समजा १०० गाद्यांना लावून बघा, खालची बाजू पण १०० च धरून. शंभराचे ०.२ टक्के, म्हणजे वर्षाला ०.२. जाळ्यात अडकून मेलेला एक गादा, पाच वर्षांत. दुसरा नाही.