गटाराचे पैसे कुठून येतात आणि कोण वाटतं

नमस्कार मंडळी, गाडीत असाल तर आवाज जरा वाढवा, स्वयंपाकघरात असाल तर तो वरचा फॅन दोन मिनिटं बंद करा, आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल पण पैशाचा आहे, आणि तुमच्या गल्लीतल्या पैशाचा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना एच-वन, ग्रीनकार्ड, टॅक्स रिटर्न यातलं सगळं पाठ असतं, फॉर्मचे नंबर झोपेत सांगतील, पण आपल्या गावातला रस्ता कोणाच्या पैशातून झाला हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. असो.

तर कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट. गावं-शहरं सुधारायला केंद्र सरकार देतं ते अनुदान. लांब नाव आहे, सगळे सीडीबीजी म्हणतात, आपणही तेच म्हणू. १९७४ चा कायदा, त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रेसिडेंट फोर्ड यांनी सही केली. त्याआधी झोपडपट्टी हटवण्याची वेगळी योजना, पाणी-गटाराची वेगळी, मोकळ्या जागांची वेगळी, आणि प्रत्येकासाठी वॉशिंग्टनला वेगळा अर्ज करायचा. ते सगळं एकत्र करून एकच गठ्ठा केला. मग १९८१ मध्ये, रेगन यांच्या काळात, छोट्या गावांचा जो वाटा होता तो वाटायचं काम राज्यांना हवं असेल तर घ्या म्हणाले. आणि घेतलं सगळ्यांनी, एकटं हवाई सोडून. तिथे अजूनही हड, म्हणजे केंद्राचं घरबांधणीचं खातं, स्वतःच बघतं. अलीकडच्या वर्षांत देशभराची ही रक्कम तीन अब्ज डॉलरच्या थोडी वर असते, म्हणजे प्रत्येक छोट्या गावाच्या वाट्याला किती येत असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

आता कान देऊन ऐका. सत्तर आणि तीस. शंभर रुपये, म्हणजे शंभर डॉलर आले तर ढोबळमानाने सत्तर मोठ्या शहरांना आणि मोठ्या काउंट्यांना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांना, थेट जातात, तीस राज्यांकडे जातात. मोठं शहर म्हणजे साधारण पन्नास हजारांच्या वर वस्ती. एडिसनवाले, जर्सी सिटीवाले, तुमचं थेट येतं, तुमचा यात राज्याशी संबंध नाही, तुम्ही आपल्या टाउन हॉललाच धरा. पण जे छोट्या बरोमध्ये, छोट्या टाउनशिपमध्ये, म्हणजे छोट्या गावांत राहतात त्यांचा पैसा राज्याच्या हातून येतो. सत्तर थेट, तीस राज्यातून. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

राज्य काय करतं? पंगतीतल्या वाढप्यासारखं आहे ते, स्वयंपाक वॉशिंग्टनचा, पण वाढायला कुठल्या टोकापासून सुरुवात करायची हे वाढपी ठरवणार. फक्त वाढप्याने स्वतः जेवायला बसायचं नाही. राज्याला हा पैसा घेऊन स्वतः रस्ता बांधता येत नाही, तो गावांना, काउंट्यांनाच द्यावा लागतो, स्वतःच्या ऑफिस खर्चासाठी एक लाख डॉलर आणि वर तीन टक्के एवढंच ठेवता येतं, आणि त्यातही लाखाच्या वर जेवढं खर्चतील तेवढंच स्वतःच्या खिशातून घालावं लागतं. वाटणार कसं, निकष काय, हे सगळं आधी लिहून जाहीर करावं लागतं, निदान तीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी उघडं ठेवावं लागतं. आणि पैसा हातात आल्यावर पंधरा महिन्यांच्या आत कोणाला किती ते पक्कं करायचं, मांडीखाली दाबून ठेवायचा नाही.

बाकी मोकळीक भरपूर. कायद्याचा अर्थ राज्याने जो लावला असेल त्याला हडने होता होईल तेवढा मान द्यायचा असं नियमातच लिहिलंय. म्हणून प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. आमच्या पेनसिल्व्हेनियात १९८४ चा राज्याचा कायदाच आहे, फॉर्म्युल्याने वाटप, आणि गाव फारच छोटं असेल तर काउंटी त्याच्या वतीने मागते. बऱ्याच राज्यांत स्पर्धा असते, गुण देतात, गावाने स्वतःचे किती घातले, गरज किती, काम सुरू करायला तयार आहे का, दहावीच्या पेपरसारखं. (तिथेही ज्यांना अर्ज लिहायला कन्सल्टंट परवडतो त्यांनाच गुण जास्त पडतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी कोणालाही तोंडावर सांगेन.)

पैसा कशासाठी वापरता येतो? तीनच कारणं. कमी उत्पन्नाच्या लोकांचा फायदा, पडीक भाग सुधारणं, नाहीतर अचानक आलेलं गंभीर संकट. त्यातही राज्याने निदान सत्तर टक्के पैसा (हे मघाचे सत्तर नव्हेत, हे वेगळे) पहिल्या कारणावर, कमी उत्पन्नवाल्यांवर घालवायलाच हवा, एक, दोन किंवा तीन वर्षांचा मिळून हिशोब. आता गटार, पाण्याची लाइन, रस्ता ही कामं अख्ख्या वस्तीची, मग त्याचा फायदा गरिबांना हे कसं दाखवणार? तर ज्या वस्तीला फायदा होणार तिथले एक्कावन्न टक्के लोक कमी किंवा मध्यम उत्पन्नाचे हवेत. एक्कावन्न टक्के. आणि लोक म्हटलंय, घरं नाही. इथेच माझी ती गोष्ट आहे जी मी दर गणपतीत कोणाला ना कोणाला सांगतेच.

आमच्या ओळखीचे एक काका, साताऱ्याकडचे, आयुष्यभर पाटबंधाऱ्यात इंजिनियर, रिटायर होऊन मुलीकडे आले. मुलगी पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या कोळशाच्या गावात डॉक्टर. गाव एवढंसं, खाली नदीलगत जुने रस्ते, वर टेकडीवर नवीन मोठी घरं. खालच्या रस्त्यांचं गटार इतकं जुनं की जोराचा पाऊस झाला की पाणी उलटं तळघरात. (तळघरात देवघर आणि गणपतीचं मखर ठेवणाऱ्यांनो, वर आणा ते, किती वेळा सांगू.) बरो कौन्सिलच्या मीटिंगला काका जाऊन बसायचे, काही काम नाही म्हणून, आणि तिथे हा सीडीबीजीचा विषय निघाला. काउंटी म्हणाली पैसे मागता येतील, पण सेन्ससच्या आकड्यांत तुमचं एक्कावन्न भरत नाही. का भरत नाही, तर सेन्ससच्या त्या तुकड्यात टेकडीवरची श्रीमंत घरं पण येतात. गटार खालच्यांचं, आकडे सगळ्यांचे.

यावर नियमात वाट आहे. फायदा होणारी नेमकी वस्ती आखायची आणि दारोदार जाऊन उत्पन्नाचा सर्व्हे करायचा. कौन्सिलने विचारलं कोण जाणार, सगळे खाली बघायला लागले, काकांनी हात वर केला. आणि मग मला फोन, अगं तू ये, तुझं इंग्रजी बरं आहे, माझे उच्चार यांना कळत नाहीत. मी म्हटलं काका, तुमचे उच्चार आम्हालाही कळत नाहीत.

गेलो. पहिल्याच दारात कुत्रा. दुसऱ्या दारात एक म्हातारे गृहस्थ, पूर्वीचे खाणकामगार, छातीवर हाताची घडी, म्हणाले आम्ही गरीब नाही, आम्हाला सरकारची भीक नको, आणि दार लावायला लागले. काका तिथेच पायरीवर बसले. खरंच बसले. म्हणाले, साहेब, तुम्ही टॅक्स भरला ना आयुष्यभर, तेच पैसे परत मागतोय, आणि तुमचा पगार मला सांगूच नका, फक्त या कार्डावर तुमच्या घरात माणसं किती तो आकडा बघा आणि वर का खाली एवढं सांगा.

हे कार्ड समजून घ्या, यातच सगळी मेख आहे. हड दर वर्षी प्रत्येक भागासाठी उत्पन्नाची मर्यादा काढतं, त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या ऐंशी टक्के, आणि ती घरातल्या माणसांप्रमाणे बदलते. चार जणांच्या घराचा आकडा पाया धरतात, एकट्या माणसाला त्याच्या सत्तर टक्के, आठ जणांच्या घराला एकशे बत्तीस टक्के. म्हणजे घरात माणसं जास्त तर मर्यादाही वर. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी कार्ड लांब धरून बघितलं, आत जाऊन चष्मा आणला, परत बघितलं, आणि हळूच म्हणाले, खाली. मग काकांना कॉफी मिळाली. मला नाही विचारलं, पण ते जाऊ दे.

असं करत रस्ते संपवत आणले. तरी आकडा एक्कावन्नच्या जरासा खालीच. कौन्सिलचे लोक म्हणाले, जरासंच आहे, करा वरती. काउंटीची बाई म्हणाली इथे जरासं चालत नाही. आणि काही घरांवर नुसतं 'घरी कोणी नाही' लिहिलेलं. कोणीतरी म्हणालं त्यांच्याऐवजी शेजारच्या रस्त्यावरची घेऊन टाका. काका भडकले. पाटबंधाऱ्यातला माणूस, आयुष्यभर मोजमाप पुस्तकावर सह्या केलेल्या. म्हणाले जो नाही भेटला त्याच्याकडे परत जायचं, सोयीचा माणूस धरायचा नाही. आणि मंडळी, नियमही तेच सांगतो, निवडलेल्या घरी पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या वेळी प्रयत्न केल्याशिवाय ते सोडता येत नाही.

रस्त्याच्या टोकाला एक घर होतं, संध्याकाळी कधीही जा, अंधार. काकांनी शेजारच्या बाईंकडून काढून घेतलं की तिथली आजी नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते, सकाळी सातला येते. तर हा माणूस सकाळी सातच्या आधी मला घेऊन तिथे हजर, थंडी मरणाची, हातात क्लिपबोर्ड. आजी गाडीतून उतरली, आम्हाला बघून म्हणाली मला काही विकत घ्यायचं नाही. काका म्हणाले आम्हालाही काही विकायचं नाही, तुमच्या तळघरात पाणी येतं का? बस. त्या बाईंनी जे सुरू केलं ते दप्तरं घेऊन मुलं बाहेर यायला लागेपर्यंत. एक आलं, दोन आली, तीन, येतच राहिली. मुलीची मुलं, मुलाची मुलं, सगळी हिच्याकडे. काका बोटांवर मोजतायत. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, अगं हे एकच घर आहे, पण डोकी आठ!

कळलं ना? घर एक, पण टक्केवारीत आठ माणसं. टेकडीच्या पायथ्याशी राहणारं दोघांचं सुखवस्तू जोडपं दोन धरलं जातं, आणि ही आजी आठ. शिवाय आठ जणांची मर्यादा वरची, तिचा पगार त्याच्या कितीतरी खाली. तो एक फॉर्म घातल्यावर आकडा एक्कावन्नच्या वर गेला. घरं मोजली असती तर कधीच गेला नसता. पुन्हा सांगते, माणसं मोजतात, घरं नाही.

त्यानंतरचं फार काही रंजक नाही, अर्ज, पर्यावरणाचा कागद, टेंडर, वाट बघणं. पाइप पडले. ही ग्रँट लागलेल्या कामाचा भांडवली खर्च गरीब घरमालकांवर पट्टी लावून काढायला कायद्यात मनाई आहे, एखाददुसरा अपवाद सोडला तर, त्यामुळे आजीला आणि त्या खाणकामगार गृहस्थांना गटार घालायचं बिल आलं नाही. टेकडीवरच्या एकाने मात्र मीटिंगमध्ये विचारलं की आमच्यासाठी काय केलंत. असतातच असे.

तर तुम्ही काय करायचं. गावाला या पैशासाठी निदान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात, एक आधी, एक नंतर. जा तिथे. इंग्रजी न येणारे बरेच लोक येण्याची शक्यता असेल तर त्यांची सोय कशी करणार हेही गावाने आधी ठरवायचं असतं, म्हणजे आई-बाबांना घेऊन जायला हरकत नाही, आणि मागितल्याशिवाय दुभाषा कोणी आणून ठेवत नाही. पॉटलकला ड्रेनेजवर दोन दोन तास बोलणारे लोक मी बघितलेत, सुनावणीत तीन मिनिटं बोलायला एक जण येत नाही. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीच्या निवडणुकीला जेवढी भांडणं होतात त्याच्या निम्मी तिथे केलीत तरी फुटपाथ होतील.

काका आता टेक्सासला मुलाकडे असतात. परवा फोन आला, अगं इथे तर हा सीडीबीजीचा कारभार राज्याच्या शेती खात्याकडे आहे! खरं आहे ते, टेक्सासमध्ये टेक्सास डिपार्टमेंट ऑफ अॅग्रिकल्चर बघतं, आणि मेक्सिकोच्या सीमेजवळच्या ज्या पाणी-गटार नसलेल्या वस्त्या आहेत, कोलोनिया म्हणतात त्यांना, त्यांच्यासाठी टेक्सास, अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्निया या चार राज्यांना दहा टक्क्यांपर्यंत वेगळा वाटा काढून ठेवावा लागतो. काकांना नियम पाठ झालेत. म्हणाले तिथे सर्व्हेला माणसं कमी पडतात असं ऐकलंय, तू कधी येतेस? मी म्हटलं काका, तिथे सकाळी सातला तरी थंडी नसेल ना.